अण्णा पालथे पडले

चंद्रप्रकाश : ...नाही गो, बसत नाही मी. फक्त तब्येत विचारायला आलो. आजारी माणसाला बघायला जायचं तर भांडण आड येत नाही, आमच्यात तरी. झोपलेत काय?

गंधाली : जागे आहेत काका. या ना आत.

चंद्रप्रकाश : मग असे पालथे का?

अण्णा : कोण आलंय गं?

गंधाली : नितेशचे बाबा आलेत, अण्णा. कांजूरमार्गहून.

अण्णा : जरा पुढे यायला सांग. हल्ली मी माणसं पावलांवरून ओळखतो. हां, आले. चंद्रप्रकाशराव, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय तुमच्या.

चंद्रप्रकाश : मरोळला वर्कशॉपमध्ये साचा पडला पायावर. ते जाऊ दे. तुम्हाला काय झालंय नक्की? नितेश म्हणाला डोळ्याचं ऑपरेशन. डोळ्याच्या ऑपरेशनला माणूस पट्टी बांधून सोफ्यावर बसतो. आमच्या शेजारचे कुंडलिकराव दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले.

गंधाली : त्यांचा मोतीबिंदू असेल. अण्णांचा पडदा सुटला होता, आतला. तो परत चिकटवलाय आणि डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय. फुगा वर वर जाणार ना, म्हणून तोंड खाली ठेवायचं. म्हणजे तो मागे जाऊन पडद्याला दाबून धरतो. जेवताना खाली, झोपताना खाली, बाथरूमला जाताना पण खाली बघत जायचं.

चंद्रप्रकाश : आणि मान वर केली तर?

गंधाली : तर पडदा परत सुटू शकतो. डोळा जाईल.

चंद्रप्रकाश : बाप रे. आणि हा पलंग?

गंधाली : भाड्याने आणलाय. मसाजवाल्यांकडे असतो तसा, तोंडाला भोक असलेला. आई म्हणाली, बाळ पालथं पडलं, आता गोड करायला हवं. खरंच शिरा केला तिने पहिल्या दिवशी. आज माझ्यावर सोपवून मावशीकडे गेलीये. म्हणाली, दोन तास तरी कुणी माझ्या मागे हे असंच का ते तसंच का करणार नाही.

अण्णा : मला ऐकू येतंय. डोळा गेलाय, कान नाही.

चंद्रप्रकाश : पण मी आता बोलू कुठे? तुमच्या टकलाशी?

गंधाली : आम्ही सगळे खाली झोपूनच बोलतो काका. ती चटई त्यासाठीच टाकलीये. पलंगाखाली सरकायचं आणि वर बघायचं. मी रोज सकाळी तशीच पडून पेपर वाचून दाखवते.

चंद्रप्रकाश : मी? ह्यांच्या पलंगाखाली?

अण्णा : आग्रह नाही. उभ्याने बोललात तरी चालेल. पायांना उत्तर देईन.

(चंद्रप्रकाश हळूहळू चटईवर उताणे होतात, खांद्यांनी ढकलत पलंगाखाली सरकतात. वर भोकात अण्णांचा लाल झालेला चेहरा.)

चंद्रप्रकाश : आयला. नमस्कार.

अण्णा : नमस्कार. बघा, आता कुणी दारातून आत आलं तर त्याला वाटेल मी तुम्हाला दंडवत घालतोय.

चंद्रप्रकाश : एवढं नशीब कुठलं माझं.

अण्णा : टोमणा पोचला.

गंधाली : काकांनी सोलकढी आणलीये, अण्णा. काकूंनी दिलीये. स्ट्रॉ लावून देऊ?

अण्णा : दे. शेवंतीबाईंना सांगा, आभारी आहे. अजून बोलतात का माझ्याबद्दल?

चंद्रप्रकाश : बोलते. सगळंच सांगत नाही मी.

गंधाली : बरं, आता मी बोलते. तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत पडलाय, असा चान्स परत मिळणार नाही. लग्न मार्गशीर्षात आहे. हॉल घेतलाय. गेल्या महिन्यापासून तुम्ही दोघं फोनवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. निरोप सगळे माझ्या आणि नितेशच्या मार्फत. परवा नितेश म्हणाला, बाबांनी पत्रिका छापायला दिली नाही अजून. म्हटलं, आमच्याकडे अण्णांनी पाहुण्यांची नावं दिली नाहीत अजून. असंच चालू राहिलं तर आम्ही दोघं एका दुपारी रजिस्टर करून मोकळे होऊ, आणि तुम्हाला फोटो पाठवू.

चंद्रप्रकाश : तसं नको गो. एकुलता एक आहे आमचा.

अण्णा : मी काय चुकीचं बोललो होतो? मी एवढंच म्हटलं, माझी मुलगी कुणाही पुढे जमिनीवर लोळणार नाही. देव असो, सासू असो, कुणी असो.

चंद्रप्रकाश : एवढंच म्हटलं नाही तुम्ही. म्हणालात, ही गुलामगिरी आहे. माझ्या घरात बसून, माझ्या बायकोच्या हातचं खाजं खाऊन, तिच्या नवसाला गुलामगिरी म्हणालात. वर तिला घटनेतलं कुठलं तरी कलम सांगितलंत. ती आत जाऊन रडली.

अण्णा : त्या रडल्या हे मला कळलं नाही.

चंद्रप्रकाश : कळणार कसं? तुम्ही रिक्षात बसून गेलेलात.

अण्णा : आणि तुम्ही दारात येऊन ओरडलात, मग लग्नाचं पण बघू.

चंद्रप्रकाश : रागात बोललो. पण नवस नवस असतो, वकीलसाहेब. नितेश सहा वर्षांचा होता. मेंदूत ताप गेला. डोळे उघडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघा. मी घाटकोपरला त्या हॉस्पिटलच्या जिन्यात विड्या ओढत बसलेलो, दुसरं काय करणार. ती तिथेच वॉर्डात उभी राहून गावच्या देवीला बोलली. पोर उठून बसू दे, त्याचं लग्न झालं की जोडीने लोटांगण घालायला आणीन. तिसऱ्या दिवशी पोराने पाणी मागितलं.

अण्णा : औषधांनी.

चंद्रप्रकाश : औषधं चालूच होती. कोण नाही म्हणतंय? पण औषधाला नवस बोलता येत नाही. माणसाला त्या वेळी कुणाशी तरी बोलायचं असतं.

अण्णा : बोलावं. त्याचं बिल माझ्या मुलीने जमिनीवर लोळून का भरायचं?

चंद्रप्रकाश : बिल? बघ गंधाली, हे असं बोलतात. तुम्ही एवढी वर्षं कोर्टात जज आला की वाकत नव्हतात?

अण्णा : मान झुकवायचो. ती माणसाला नसते, खुर्चीला असते.

चंद्रप्रकाश : खुर्ची लाकडाची, देवी दगडाची. फरक सांगा.

अण्णा : खुर्ची निकाल देते.

चंद्रप्रकाश : आमची पण देते. आणि एकाच तारखेला देते.

गंधाली : अण्णा, हसू नका, फुगा हलेल.

अण्णा : हसत नाहीये. चंद्रप्रकाशराव, विनोद बाजूला ठेवा. जो माणूस दुसऱ्यापुढे तोंड मातीत घालतो त्याला पुढे आयुष्यभर कुणीही तुडवतं. तुमच्या लोकांना ती सवय लागलीये, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही.

चंद्रप्रकाश : तुमच्या लोकांना म्हणजे?

अण्णा : म्हणजे... मला तसं म्हणायचं नव्हतं.

चंद्रप्रकाश : नाही, बरोबर. आम्ही लोळणारे लोक. तब्येत बघितली, झालं. मी निघतो. गंधाली, बाटली धुवून नितेशकडे दे. चला.

गंधाली : काका.

चंद्रप्रकाश : नाही, नको. थांबव नको मला.

गंधाली : थांबवत नाहीये. पण तुम्ही उठत पण नाहीये.

चंद्रप्रकाश : उठतोय. एक मिनिट.

अण्णा : काय झालं?

चंद्रप्रकाश : काही नाही.

अण्णा : तोंड वाकडं झालंय तुमचं. मला आता तेवढंच दिसतं, मला फसवू नका.

चंद्रप्रकाश : पाठ. खालची. धरली.

गंधाली : अरे देवा. हात द्या मला.

चंद्रप्रकाश : नको नको, ओढू नको. आई गं. जुनं आहे हे. मणक्यात गॅप आहे. एकदा धरली की नितेशच्या हातानेच सुटते, त्याला माहितीये कुठे गुडघा लावायचा ते. तू आपली त्याला फोन लाव.

गंधाली : लावते. ...नितेश, ऐक, टेन्शन घेऊ नको. तुझे बाबा आमच्याकडे आहेत. हो, आले. हो, बोलले. नाही रे, मारामारी नाही. पाठ धरलीये, जमिनीवर आहेत. अण्णांच्या खाली. खाली म्हणजे पलंगाखाली. ते नंतर सांगते, तू ये. ...काका, तो अंधेरीहून निघतोय, मीटिंग संपली की. तासभर तरी लागेल. मी गरम पाण्याची पिशवी करते. दोघं भांडू नका, कुणालाच उठून जाता येणार नाहीये.

अण्णा : हलू नका तुम्ही. गुडघे वर घ्या, आराम पडतो.

चंद्रप्रकाश : घेतले.

अण्णा : पडला?

चंद्रप्रकाश : थोडा.

अण्णा : ते मघाचं... तुमचे लोक वगैरे. ते माझ्या घरातलंच होतं, तुमच्यावर काढलं.

चंद्रप्रकाश : म्हणजे?

अण्णा : आमच्या वडिलांकडे एक बुवा यायचे. वर्षातून एकदा, इथेच, ह्याच जागी जुनं घर होतं तेव्हा. वडील रेल्वेत हेडक्लार्क. ऑफिसात लोक त्यांना घाबरायचे. बुवा आले की ते त्यांच्यासमोर आडवे पडायचे. रीत अशी होती की बुवांनी काठी टेकवून उठ म्हणेपर्यंत उठायचं नाही. एका वर्षी वडील पडले आणि तेवढ्यात बुवांना कुणीतरी नाशिकच्या जमिनीचं विचारलं. बुवा बोलत बसले. चहा आला, प्यायले. वडील तिथेच. ते विसरले हो त्यांना. मी बाजूला उभा होतो, आठ-नऊ वर्षांचा. वडिलांच्या टाचांना भेगा होत्या, त्याच बघत होतो. शेवटी मीच म्हटलं, बाबा, उठा ना.

चंद्रप्रकाश : मग?

अण्णा : उठले. आणि उठून पहिली थप्पड मला.

चंद्रप्रकाश : हं.

अण्णा : त्यानंतर मी कुणाच्या पाया पडलो नाही. लग्नात पण नाही. आमच्या हिच्या, उत्तराच्या माहेरचे अजून बोलतात त्यावर.

चंद्रप्रकाश : थप्पड बुवाला बसायला पाहिजे होती.

अण्णा : हे पहिल्यांदा एका नवसवाल्याच्या तोंडून ऐकतोय.

चंद्रप्रकाश : खरं तेच सांगतो. माणसासमोर पडायचं म्हणजे लफडंच. त्याला मजा यायला लागते. देवीचं तसं नाही. ती बघतच नाही.

अण्णा : बघत नाही तर मग उठ कधी म्हणते?

चंद्रप्रकाश : म्हणतच नाही. आपलं आपण उठायचं. फेरी झाली, कपडे झटकायचे, की समोर भजी मिळतात.

अण्णा : तुम्ही घातलंय कधी लोटांगण?

चंद्रप्रकाश : होय तर. गावच्या जत्रेत, मरोळला स्वतःचा गाळा झाला तेव्हा. तुम्हाला वाटतं तसं काही नाही हो ते, भक्तीने डोळ्यात पाणी वगैरे. पहिल्यांदा गुदगुल्या होतात. मग कोपरं सोलवटतात. मग चक्कर. देवळाला अर्धी फेरी झाली आणि मला ओकारी आली. पुढे आमचा सरपंच लोळत होता, त्याच्या पायावर.

अण्णा : सरपंचाच्या?

चंद्रप्रकाश : त्याचं लक्ष नव्हतं, तो पण चक्कर येऊन पडलेला. दुबईवाला, सरपंच, पोस्टमन, सगळे चड्डीवर, सगळ्यांच्या तोंडाला शेणमाती. कोण कोणाला तुडवणार? मी तिथे पडून आभाळ बघितलं. त्या वर्षी मशीनचं, गाळ्याचं, लाइटचं, एवढं टेन्शन होतं. तिथे आडवा पडलो आणि मला वाटलं, आता आणखी कुठे पडणार आपण? झोप लागली मला. देवाशपथ. मागच्याने ढकललं तेव्हा जागा झालो.

अण्णा : उताणे होतात म्हणून आभाळ दिसलं. मी पालथा पडलोय तर फरशीची कौतुकं बघतोय. बाराव्या दिवशी... जाऊ दे, कितवा दिवस ते विसरलो. त्या टाइलवर एक डाग आहे, तुमच्या कानाशी. मला वाटतं तो आंब्याचा असावा.

गंधाली : घ्या काका, पिशवी. शेकवा. काय चाललंय? आवाज नाही म्हणून मला भीती वाटली.

अण्णा : सरपंचाच्या पायावर ओकले हे.

गंधाली : झकास. तब्येतीचीच चौकशी चाललीये म्हणजे.

अण्णा : चंद्रप्रकाशराव, तुमचं ऐकून घेतलं. पटलं असं नाही, पण कळलं. तुम्ही पुरुष आहात, चड्डी घालून लोळलात, गंमत झाली. पण तिथे शेकडो लोकांसमोर ही नवी नवरी, साडीत, चिखलातून लोळत जाणार, तिच्या साडीचं काय होईल, कोण कुठून बघेल. तेवढा तरी विचार करा.

चंद्रप्रकाश : साडीत कशी लोळेल ती?

अण्णा : तेच विचारतोय मी.

चंद्रप्रकाश : नाही, म्हणजे ती लोळेल कशाला? बायका उभ्यानेच करतात.

अण्णा : काय उभ्याने करतात?

चंद्रप्रकाश : लोटांगण. पुरुष जमिनीवरून, बायका त्यांच्या मागून हात जोडून चालत. आमच्याकडे तसंच आहे आधीपासून.

अण्णा : उभ्याने. चालत.

चंद्रप्रकाश : होय.

अण्णा : म्हणजे प्रदक्षिणा.

चंद्रप्रकाश : आम्ही लोटांगणच म्हणतो.

अण्णा : हे तुम्ही त्या दिवशी का सांगितलं नाहीत?

चंद्रप्रकाश : तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही उठून कलम सांगायला लागलात. आणि मला काय स्वप्न पडलं, तुम्हाला हे माहिती नाही म्हणून? सगळ्या जगाला माहितीये.

अण्णा : पार्ल्यात नाही माहिती.

गंधाली : एक मिनिट. एक महिना. एक महिना तुम्ही दोघं ह्याच्यावरून बोलत नव्हतात?

चंद्रप्रकाश : नितेशने नाही सांगितलं तुला?

गंधाली : नितेश चौथीनंतर जत्रेला गेलाय कुठे? त्याला सुट्टी नसते तेव्हा. त्याला वाटलं दोघांनी लोळायचं. आम्ही तर यूट्यूबवर बघत होतो, कोपराला काय बांधतात ते.

अण्णा : म्हणजे आता चित्र असं की नितेश जमिनीवरून लोळत जाणार आणि गंधाली मागून चालत.

चंद्रप्रकाश : बरोबर.

अण्णा : माझी काही हरकत नाही.

चंद्रप्रकाश : वा. जावई लोळला तर चालतो.

अण्णा : तो सज्ञान आहे. त्याचा निर्णय.

गंधाली : माझी आहे.

अण्णा : काय?

गंधाली : हरकत. माझी आहे.

चंद्रप्रकाश : आता काय झालं गो?

गंधाली : काका, महिनाभर दोन्ही घरांत मी काय करणार ह्यावर भांडणं झाली, आणि मला एकानेही विचारलं नाही. आईने पण नाही. आता विचारा.

अण्णा : बरं. काय म्हणणं आहे तुझं?

गंधाली : मी नितेशला केव्हाच हो म्हटलंय. लोळायला.

अण्णा : गंधाली.

गंधाली : ऐका आधी. देवी बिवी मला माहिती नाही, अण्णा. मी तुमच्याच घरात वाढलीये. पण शेवंतीकाकू त्या वॉर्डात उभ्या होत्या आणि हा डोळे उघडत नव्हता. तो उठला नसता तर मला कळलं पण नसतं की असा कोणी होता. काकू एवढी वर्षं ते मनात धरून बसल्यात. त्यांच्यासाठी मी एक फेरी मारीन, त्यात माझं काय जातं? पण त्याने मातीतून जायचं आणि मी मागून चालत फोटो काढायचे, असलं मला नको. जोडीने म्हणाल्यात ना त्या? मग जोडीने.

चंद्रप्रकाश : अगो, तसं करत नाहीत. बाई माणूस कधी आडवी झालेली नाही आमच्या देवळात.

गंधाली : मी ड्रेस घालीन. जाड.

चंद्रप्रकाश : ड्रेसचं नाही गो. गुरव काय म्हणेल? मानकरी काय म्हणतील? गावात माझी वाट लागेल.

अण्णा : चंद्रप्रकाशराव, हे कुठे लिहिलंय?

चंद्रप्रकाश : काय कुठे लिहिलंय?

अण्णा : बायकांनी उभ्यानेच करावं असं. कुठे लिहिलेलं आहे का?

चंद्रप्रकाश : लिहायचं काय त्यात? रीत आहे.

अण्णा : रीत म्हणजे मनाई नव्हे. आजवर कुणी केलं नाही, ह्याचा अर्थ करता येत नाही असा होत नाही. कुणी बाईने मागितलं आणि नाकारलं, असं एक तरी उदाहरण द्या.

चंद्रप्रकाश : अहो, मघाशी तुम्हीच म्हणत होतात ना लोळणार नाही म्हणून?

अण्णा : ते वेगळं प्रकरण होतं. आता प्रश्न समान हक्काचा आहे.

गंधाली : अण्णा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?

अण्णा : थांब जरा. मला पण कळू दे.

चंद्रप्रकाश : असा वकील मी बघितला नाही. पालथा पडून पण पलटी मारतो.

अण्णा : हे बघा, मला ते अजूनही आवडत नाही. ती जमिनीवर पडलेली मला बघवणार नाही. पण तिला पडू नको म्हणणारा मी कोण, आणि उभी रहा म्हणणारे तुम्ही कोण? नवस ज्यांचा, त्यांना विचारा. फोन करा शेवंतीबाईंना.

चंद्रप्रकाश : ती ऐकणारच नाही. माझ्या आईपेक्षा कडक आहे ती रीतीभातीला.

अण्णा : करा तर खरं.

चंद्रप्रकाश : खिशातून काढ गो मोबाइल, माझा हात पोचत नाही. ...हॅलो, गे, ऐक. मी वकिलांकडे आसंय. होय, बरे आसत. सोलकढी प्याले. ...माका? माका काय नाय झाला. जरा पाठ धरली. ...जमनीर. चटईर पडलंय. ...अगो, भांडान नाय पडलंय, बोलूक पडलंय. ता ऱ्हवांदे. गंधाली काय म्हणता ऐक. ती म्हणता, नितेश लोळलो तर आपण पण लोळतलंय. उभ्यान नको म्हणता. ...होय, आपणच म्हणता. वकील नाय, ती. ...हां. ...हां. ...कोणी? माझ्या आयेन? तुका? कधी? ...माका कधी बोललंस नाय ता. ...बरा. ...बरा गे. ...ठेवल्यान.

गंधाली : काय म्हणाल्या?

चंद्रप्रकाश : थांब जरा.

गंधाली : चिडल्या का?

चंद्रप्रकाश : नाही. ती म्हणते, पोरगा बरा झाला त्या वर्षी ती जत्रेला गेलेली ना, तेव्हा तिला पण घालायचं होतं. आडवं होऊन. मी पोराला घेऊन दुकानाकडे फिरत होतो, मला माहितीच नाही. पदर खोचून ती अंगणात बसली पण होती. माझ्या आईने दंडाला धरून उठवली. म्हणाली, घोवासारखी लोळायला निघालीस, लाज नाही? चार बायका हसल्या. मग ती चालली मागून हात जोडून.

अण्णा : आणि तुम्हाला बोलल्या नाहीत.

चंद्रप्रकाश : मुंबईला येईपर्यंत अख्ख्या एसटीत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिला गाडी लागते.

गंधाली : आता काय म्हणाल्या पण?

चंद्रप्रकाश : म्हणाली, तिला सांगा खुशाल लोळ. ती आडवी झाली की मी पण होणार तिच्या मागे. मी म्हणालो, गुरव? तर म्हणाली, गुरवाला मी बघते. आणि फोन ठेवला.

अण्णा : चंद्रप्रकाशराव, त्यांना माझा नमस्कार सांगा. नाही, राहू दे, मी स्वतः बोलेन. मी त्या दिवशी जे बोललो, ते त्यांना बोलायला नको होतं.

चंद्रप्रकाश : सांगा. पण कलम घालू नका मधे.

अण्णा : नाही घालणार. आणि गंधाली, ती नावं. माझ्या टेबलावरच्या डायरीत नाहीयेत, माझ्या डोक्यात आहेत. संध्याकाळी बस, सांगतो. पत्रिकेसाठी.

गंधाली : आत्ता हो म्हणालात हं. मी काकांना साक्षीदार धरलंय. पण काका, खरं सांगा, लागतं का? खडे बिडे असतात?

चंद्रप्रकाश : पुढचं अंगण सारवलेलं असतं, ते मऊ. देवळाच्या मागे उतार आहे, तिथे असतात बारीक बारीक. कोपरात घुसतात. म्हणून प्रत्येकाच्या पुढे त्याचं घरचं एक माणूस चालतं. लोळणाऱ्याने डोळे मिटलेले असतात ना, त्याला दिसत नाही. तो पुढचा हाताने खडे वेचत वेचत जातो, बाजूला टाकत.

गंधाली : नितेशच्या पुढे तुम्ही?

चंद्रप्रकाश : माझ्या पुढे माझे बाबा होते, नितेशच्या पुढे मी. तोवर पाठीचं बघतो काहीतरी, पट्टा बांधीन. शेवंतीच्या पुढे... तिचा भाऊ येईल, नंदू. तुझ्यासाठी माझ्या पुतण्याला सांगतो.

अण्णा : किती मोठी फेरी असते?

चंद्रप्रकाश : देऊळ मोठं आहे, अण्णा. सभामंडप, मागे तळी, सगळं धरून. आणि सरळ चालता येत नाही, अख्खी फेरी कमरेत वाकून, हात जमिनीला. पुतण्या तरणा आहे, तो करेल.

अण्णा : पुतण्या कशाला? घरचं माणूस म्हणालात ना.

चंद्रप्रकाश : म्हणजे?

अण्णा : मी करीन.

गंधाली : अण्णा, देवीच्या समोरून पण जावं लागेल हं. वाकून.

अण्णा : मी कुठे वर बघणार आहे? मी खाली बघणार.

चंद्रप्रकाश : पण तुमचा डोळा?

अण्णा : जत्रेपर्यंत होतो बरा म्हणालेत. बारीकातला बारीक खडा दिसेल मला.